बांडगुळाचं कूळ

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत दारी किंवा बांधावर आंबा असलेल्या माणसाला बांडगूळ दाखवावं लागत नाही. फांदीला गाठ येते, तिथून जाडसर पानांचा परका झुबका फुटतो. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीला पुसून जातो. शेतकरी ते छाटून टाकतो. त्याच्या कुळाची चौकशी त्याला कशाला हवी?

ती चौकशी वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली आणि बराच काळ गोंधळात केली. थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (१९०१-०८) हे बांडगूळ ‘लोरँथस’ आहे. (तामलवाडी तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे कुकच्या हद्दीबाहेर. बांडगुळाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.) लोरँथस हे मोठं गाठोडंच होतं, जगभरच्या शेकडो जाती त्यात कोंबलेल्या. जावात काम केलेल्या डान्सर या डच शास्त्रज्ञानं १९३०च्या आसपास ते सोडवलं आणि आपलं बांडगूळ ‘डेंड्रोफ्थी’ झालं. निकष मात्र बाह्यरूपाचा होता.

आतला पुरावा पुढे गुणसूत्रांत शोधला गेला. ती मोजायला एरवी मुळाचं कोवळं टोक घेतात. बांडगुळाचं ‘मूळ’ आंब्याच्या लाकडात घुसलेलं, म्हणून कोवळ्या कळीतले परागकोश चेचून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. आपल्याकडच्या बांडगुळात ९ जोड्या भरतात. ऑस्ट्रेलियाचा बार्लो आणि अमेरिकेचा वीन्स यांनी १९७१ मध्ये अशा मोजण्या जगाच्या नकाशावर मांडल्या. जमिनीत वाढणाऱ्या, जुन्या वळणाच्या ‘नुइत्सिया’ या भाऊबंदात १२ जोड्या. आशिया-आफ्रिकेच्या फांदीवरच्या मंडळींत बहुधा ९. जोड्या घटल्या, पण ऐवज घटला असं नाही: ही गुणसूत्रं चांगली थोराड असतात.

खरी भानगड ‘विस्कम’ या फांदीवरच्या दुसऱ्या परजीवीची. सह्याद्रीत त्याची एक चपट्या हिरव्या कांड्यांची, जवळजवळ बिनपानांची जात कधी कधी चक्क बांडगुळावरच वाढते. दोघं एकाच कुळात नांदत होते. दिल्लीच्या माहेश्वरी, जोहरी आणि दीक्षित यांनी १९५७ मध्ये दोघांची फुलं आणि भ्रूण ताडून पाहिले आणि कुळं वेगळी करा म्हटलं. गुणसूत्रांचीही साक्ष तीच. युरोपातल्या विस्कममध्ये १० जोड्या, पण त्यांतला डीएनए माणसाच्या सुमारे तीसपट!

पुढे डीएनएच्या तुलनेतून दिसलं, की ही कुळं ज्या गणात येतात त्यात फांदीवर बसून जगण्याची रीत पाच वेळा स्वतंत्रपणे उपजली. हल्ली बरेच वर्गीकरणकार विस्कमला चंदनाच्या कुळात घालतात. चंदनही शेजाऱ्याच्या मुळांतून रस ओढतंच, तेव्हा सोयरीक अगदीच विजोड नाही. आंब्यावरचं बांडगूळ मात्र लोरँथेसी या जुन्या कुळातच राहिलं.