धंदा कोणता?

मुकुटबनच्या परिसरात जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी आहे, पाठीवर पऱ्हाटी. खाणीत माणूस दगावला तर कुठल्यातरी वहीत त्याची नोंद होते. फवारता फवारता जो धुऱ्यावर कोसळतो, त्याची हकिकत बहुधा घराच्या ओसरीवरच संपते. हा भेद काही आजचा नव्हे.

इटलीत मोडेना शहरी रामाझिनी नावाच्या वैद्याच्या घरचा शौचकूप उपसला जात होता. उपसणारा जिवाच्या आकांताने हात चालवीत होता. एवढी घाई का, असे विचारताच तो म्हणाला, येथे चार तासांहून अधिक राहिलो तर आंधळा होईन. त्या उत्तराने रामाझिनीला झोंबले असावे. कुंभार, मुलामा देणारे, खाणकरी अशा कित्येकांची दुखणी पाहून १७०० साली त्याने ग्रंथ लिहिला, आणि वैद्याने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा असे सांगितले : तुझा धंदा कोणता?

आपल्याकडे हा प्रश्न कामगारांनीच पुढे आणला. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणीकामगारांनी मागितले, की कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, जन्माचा अपंग झाल्यास पोटाची सोय व्हावी. त्याच अर्जातली रविवारची सुटी १८९० साली मिळाली आणि लोकांच्या लक्षात राहिली. भरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडले.

पुढे कीटकनाशक फवारणारा मजूरही त्या कायद्याच्या यादीत आला. पण भरपाई मागायला मालक हवा! आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. आणि ज्याचे वावर, तोच कर्जात बुडालेला. स्वतःचेच शेत फवारणाऱ्याने तर कुणाच्या दारी जावे?

विषाचा कायदा झाला तोही खाणाऱ्यांच्या मरणाने. १९५८ साली केरळात फॉलिडॉल मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक माणसे गेली. १९६८ साली कीटकनाशक कायदा आला.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी छातीच्या वर वाढली होती. फवारा खाली न पडता तोंडावर येई. शेकडो लोक दवाखान्यांत दाखल झाले, वीसच्या आसपास दगावले. कित्येकांना काही काळ दिसेनासे झाले होते. शासनाने मृतांच्या वारसांस दोन-दोन लाख रुपये दिले. तोंड का झाकले नाही, असेही पुष्कळांनी विचारले. आश्विनाच्या उकाड्यात, सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन, तोंडाला फडके बांधून एक तास तरी त्यांनी चालून पाहिले होते काय?