चौथीच्या गुरुजींची भूमिती

चौथीला शिकवायचे तर चौथीचे गणित आले म्हणजे झाले, ही समजूत इतकी रुळली आहे की तिलाही इतिहास असेल असे कुणाच्या मनात येत नाही. स्वित्झर्लंडचे शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांनी १८०३ साली मुलांना आकार पाहायला आणि मोजायला शिकवण्याची आपली रीत पुस्तकरूपाने मांडली. चौरस घ्यायचा, त्याचे भाग पाडायचे, भागांची तुलना करायची आणि दिसले ते शब्दांत सांगायचे. प्रशियाने आपले तरुण शिक्षक त्यांच्याकडे शिकायला धाडले. परतलेल्यांनी तिथल्या अध्यापक विद्यालयांत नवे वारे आणले. पुढे १८४८ ची क्रांती झाली, आणि ती मोडून काढल्यावर राज्यकर्त्यांनी खापर फोडले ते जास्त शिकलेल्या गावच्या मास्तरांवर. फर्डिनांड श्टील या अधिकाऱ्याने तयार केलेल्या १८५४ च्या नियमांनी अध्यापक विद्यालयांचा अभ्यासक्रम खेड्यातल्या शाळेपुरता आखडला आणि धर्मशिक्षणाला अग्रस्थान दिले. १८७२ मध्ये ते नियम मागे पडले. मास्तरांना मोजकेच यावे हा आग्रह, निदान प्रशियात तरी, वर्गातल्या अनुभवातून आलेला नव्हता. तो सत्तेच्या धास्तीतून आला होता. म्हणून आज कुणी तो व्यवहाराची गोष्ट म्हणून पुढे केला, तर त्याला पुरावा मागायला हवा.

विरुद्ध बाजूचा पुरावा भक्कम आहे. डीना व्हान हीले-खेल्डॉफ आणि पिएर व्हान हीले हे नेदरलँड्समधले शिक्षक दांपत्य. भूमिती कितीही नीट समजावली तरी मुलांपर्यंत पोचत का नाही, या प्रश्नाचा दोघांनी पिच्छा पुरवला आणि १९५७ साली उट्रेख्त विद्यापीठात आपापले प्रबंध सादर केले. डीना त्यानंतर लवकरच वारल्या. सिद्धान्त पुढे नेला तो पिएर यांनी. भूमितीची समज पायरीपायरीने वाढते, असे त्यांचे म्हणणे. आधी आकार नुसता ओळखता येतो, मग त्याचे गुणधर्म दिसतात, मग गुणधर्मांमधले नाते कळते आणि सिद्धतेची पाळी त्यानंतर येते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे एक निरीक्षण: वेगळ्या पायऱ्यांवर उभी असलेली दोन माणसे एकच शब्द वापरूनही एकमेकांना समजत नाहीत. मराठीत याचे उदाहरण हाताशी आहे. ‘समभुज चौकोन’ या नावातच त्याची व्याख्या आहे, तरी चौरस हा समभुज चौकोन आहे का, असे विचारले की डोळ्यांसमोर तिरका पतंगासारखा आकार येतो आणि उत्तर ‘नाही’ असे निघते. ज्या छात्राध्यापकाला स्वतःला हे नाते दिसलेले नाही, तो मुलाचे चुकीचे उत्तर बरोबर ठरवेल आणि बरोबर उत्तर खोडेल. पुढच्या संशोधकांनी या पायऱ्यांवर आक्षेप घेतले. एकच मूल त्रिकोणाबाबत वरच्या पायरीवर आणि चौकोनाबाबत खालच्या पायरीवर असू शकते, हे त्यांनी दाखवले, आणि ते खरेच आहे. त्याने शिक्षकाची गरज कमी होत नाही, उलट वाढते. कारण मूल कुठे उभे आहे ते त्याला दर वेळी नव्याने ओळखावे लागते.

मग शिक्षकांना पदवीचे गणित शिकवावे का? गणितशिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांचे १९९९ चे पुस्तक इथे उपयोगी पडते. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांपुढे एका विद्यार्थिनीचा दावा ठेवला: परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढते. तो खोटा आहे. बाजू ४ असलेल्या चौरसाची परिमिती १६ आणि क्षेत्रफळ १६. ८ आणि १ बाजूंच्या आयताची परिमिती १८, क्षेत्रफळ मात्र ८. अमेरिकी शिक्षकांपैकी फक्त एकाने दाव्याचा नीट छडा लावला, चिनी शिक्षकांपैकी बहुसंख्यांनी. पण पदव्या होत्या त्या अमेरिकी शिक्षकांकडे! चिनी शिक्षक नववीनंतर दोन-तीन वर्षे अध्यापक विद्यालयात शिकलेले होते. नमुना लहान होता आणि त्यावरून दोन देशांचा निवाडा करू नये. मात्र प्राथमिक गणितालाच खोली असते आणि ती थोड्या वर्षांतही शिकवता येते, एवढे त्यातून नक्की कळते. बारावीनंतरच्या दोन वर्षांत वेळ कुठे आहे, या आपल्याकडच्या तक्रारीचे उत्तरही तिथेच आहे.

भूमितीच्या मानाने संख्याशास्त्र प्राथमिक वर्गात फार उशिरा आले. अमेरिकेतल्या गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ च्या आराखड्यात त्याला अगदी खालच्या इयत्तांपासून जागा दिली; आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर प्राथमिक गणितात माहिती हाताळण्यावर भर आला. मागणी आली तरी शिकवणाऱ्यांच्या हाती होते ते सरासरीचे, बेरीज करून भागण्याचे सूत्र. पाच घरांत अनुक्रमे २, ३, ३, ४ आणि ८ पुस्तके आहेत. सूत्राने सरासरी ४ येते. आठवाल्या घरातली चार पुस्तके काढून बाकीच्यांना देत सगळ्यांची सारखी केली तरी ४ च येतात, आणि तेव्हा सरासरी म्हणजे काय ते दिसते. त्याच घरात ८ ऐवजी १८ पुस्तके असती तर सरासरी ६ झाली असती. रांगेतले मधले घर मात्र तीनवरच राहिले असते. यातल्या कुठल्या आकड्याने या वस्तीची खरी ओळख पटते, हा प्रश्न चौथीतले मूल विचारू शकते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या गुरुजींनी तो अध्यापक विद्यालयात निदान एकदा तरी ऐकलेला असावा.