वाट करणारे आणि धावणारा

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात पायापेक्षा खांद्याचे काम अधिक. चेंडू बगलेत मारून धावणारा गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी ओळीने उभे राहतात आणि समोरच्यांना रेटून त्याला वाट करून देतात. तो जितके वार पुढे जाईल तितके हिशेबाच्या वहीत त्याच्या नावावर चढतात. वार म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्यातलाच, तीन फुटांचा. वाट करणाऱ्यांच्या नावावर एकही वार चढत नाही. मग पराक्रम कुणाचा? मी मास्तर असल्यामुळे हा वाद मला परका नाही. मुलगा बोर्डात आला की हुशारी त्याची की शिकवण आमची, यावर शिक्षकांच्या खोलीत चहा निवेपर्यंत तंटा चालतो. आणि खरे सांगायचे तर मी नेहमी आमच्याच बाजूने बोलतो.

म्हणूनच डेन्व्हरची हकीकत मला फार आवडली. तेथील ओळ सरळ रेटण्याऐवजी सारी मिळून एका बाजूला सरकत असे. गड्याने फट दिसताच एकच वळण घ्यायचे आणि सुटायचे. १९९५ साली टेरेल डेव्हिस तेथे आला तेव्हा निवडीत त्याच्याआधी १९५ जणांची नावे पुकारून झाली होती. १९९८ च्या हंगामात तोच २००८ वार धावला. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला. जागेवर ओलँडिस गॅरी आला, त्याने ११५९ वार काढले. २००० साली माइक अँडरसनने १४८७. पेरणारा बदलावा आणि पीक येतच राहावे! २००८ आणि ११५९ यांतले अंतर मात्र मी त्या आनंदात मोजले नाही.

डॅलसने माझा आनंद उतरवला. १९९३ साली एमिट स्मिथ पगारावरून अडून बसला आणि पहिले दोन सामने खेळला नाही. वाट करणारे होते तेच होते, तरी संघ दोन्ही सामने हरला. स्मिथ परतला, १४ सामन्यांत १४८६ वार काढून साऱ्यांच्या पुढे राहिला, आणि अजिंक्यपद डॅलसला मिळाले.

स्मिथचे नाव निघाले की बॅरी सँडर्सचे निघतेच. त्याने डेट्रॉइटकडून १० हंगामांत १५,२६९ वार काढून १९९९ साली, हातपाय धड असताना, खेळ सोडला. चाहते हळहळतात, डॅलसची ओळ त्याला मिळती तर! हे मला थोडे अन्यायाचे वाटते. डेट्रॉइटच्या ओळीतला लोमस ब्राउन काही लुंगासुंगा गडी नव्हता. शिवाय सँडर्सची तऱ्हाच निराळी: केलेली वाट सोडून आपली शोधायची. कधी साऱ्या मैदानाला गुंगारा द्यायचा, कधी मागेच सापडायचा. १९९४ च्या हंगामाअखेर ग्रीन बेविरुद्ध बादफेरीत तो १३ वेळा धावला आणि हिशेब निघाला उणे एक वार! यात ओळीचा दोष किती आणि त्याच्या हौसेचा किती? १९९७ साली पहिल्या दोन सामन्यांत अवघे ५३ वार, मग उरलेल्या चौदाही सामन्यांत शंभरी गाठून एकूण २०५३.

सेक्वॉन बार्कली २०२३ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून ९६२ वार धावला. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला आणि २००५ वर पोहोचला. पाहा ओळीची करामत, असे मी म्हणणारच होतो. पण बऱ्याचशा त्याच ओळीमागे २०२३ साली डीआंद्रे स्विफ्ट धावला होता, आणि त्याचे वार होते १०४९. शिक्षकांच्या खोलीत हा आकडा मी अजून सांगितलेला नाही.