घंगाळभर ऊन पाणी

दिवाळी आली की घरोघर हिशेब सुरू होतो. साखर किती, तूप किती, खोबरे किती! पण दिवाळीतले पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे सुख कोणाच्याच यादीत नसते. वाटीभर तेल, मूठभर उटणे आणि घंगाळभर ऊन पाणी, एवढाच त्याचा खर्च. तेलाने अंग माखून पाटावर बसावे, विसण घातलेल्या पाण्याचा पहिला तांब्या खांद्यावर ओतावा, की वर्षाचा शीण निथळून जातो. हेच सुख हल्ली निरनिराळ्या नावांनी मोठमोठ्या हॉटेलांतून विकले जाते आणि त्याचे मोल ऐकून साधा गृहस्थ दारातूनच परत फिरतो. मला मात्र कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. घरच्या आंघोळीचे हे स्वस्त सुख मुळात स्वस्त झाले कधी?

शोध घेऊ लागलो की आपण थेट सिंधूकाठी जाऊन पोहोचतो. मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाचे चित्र शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच पाहिले आहे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद असा तो हौद. पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला. पण मला त्या भव्य हौदापेक्षा तिथल्या साध्या घरांतील मोऱ्यांचे कौतुक अधिक वाटते. घट्ट बसवलेल्या विटांची फरशी, एका बाजूला बेताचा उतार आणि पाणी रस्त्यावरच्या गटारात जाण्याची सोय. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही न्हाणीघरे पाहून आपल्या मोरीची पणजीच भेटल्यासारखे वाटते. याचे कारणही तिथेच सापडते. त्या नगरात शेकडो विहिरी होत्या, कित्येक तर घरांच्या आतच. पाणी घरापर्यंत आले, म्हणून आंघोळ घरात आली.

पुढे मात्र बहुतेकांची आंघोळ नदीच्या घाटावर, तळ्याच्या काठी, नाहीतर विहिरीच्या थारोळ्यात होऊ लागली. सावकाश, ऊन पाण्याने, तेल लावून न्हाण्याचे शास्त्र आपल्याकडे होतेच. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त रोज अभ्यंग करावा असे सांगितले असून डोके, कान आणि पाय यांना तेल विसरू नये, अशी आठवणही दिली आहे. ऊन पाणी अंगावर घ्यावे, पण डोक्यावर घेऊ नये, कारण ते केसांना व डोळ्यांना बरे नव्हे, हा आजीबाईंच्या तोंडी असलेला सल्लाही त्याचाच. परंतु शास्त्र असणे निराळे आणि सवड असणे निराळे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाने घ्यावयाच्या उपभोगांची मोठी यादी आहे आणि तीत स्नानालाही मानाचे स्थान आहे. आपण ज्याला दिवाळीची आंघोळ म्हणतो, तो त्या काळी राजाचा उपभोग होता!

असे का, हे समजायला गणित पुरेसे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. माणशी पंधरा लिटरांची एक बादली धरली, तर सात माणसांच्या घरात नुसत्या आंघोळीसाठी रोज शंभर किलोंहून अधिक पाणी वाहून आणावे लागे. राजाकडे त्यासाठी सेवक होते. बाकीच्यांकडे कोण होते? घरातल्या बायका! आंघोळीच्या इतिहासात राजांची नावे सापडतात. डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन नदीचा चढ चढणाऱ्यांची सापडत नाहीत.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि अंगाला एक तोटी, अशी त्याची रचना. नळीत शेणी, ढलप्या, करवंट्या टाकायच्या, धूर सोसायचा आणि दिवाळीपूर्वी चिंचेने घासून तो लखलखीत करायचा. नरकचतुर्दशीला आई आमच्या आधी तासभर उठून बंब पेटवी. मग वडील, काका, आम्ही मुले असे ओळीने पाटावर बसत असू. तेल लावायचे, उटणे चोळायचे, ओवाळायचे. कारीट फोडून आम्ही फराळाला बसलो की मग तिची पाळी येई. तोवर बंबात निखाराही उरलेला नसे. त्या दिवसाची पहिली आंघोळ कोणी केली, यावरून आम्हा भावंडांत भांडणे होत. शेवटची कोणाची, हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही.

आणि न्हाऊ घालणाऱ्या या हातांना किंमत नव्हती असेही नाही. १७५९ मध्ये पाटण्यास जन्मलेला दीन महंमद नावाचा गृहस्थ इंग्लंडात गेला आणि ब्रायटनच्या समुद्रकाठी त्याने वाफेच्या स्नानाचे व अंग रगडून देण्याचे दुकान थाटले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपल्या पदरी नेमले. आपली ‘चंपी’ इंग्रजीत गेली ती ‘शॅम्पू’ होऊन. पुढे अर्थ पालटून बाटलीत बसली आणि परत आपल्याच न्हाणीघरात आली. जी विद्या आपल्या आया-आज्या फुकट वाटत होत्या, तिला तिकडे राजाश्रय मिळाला, ही मोठी मौजच म्हणायची.

पण न्हाणीघरात क्रांती केली ती राजांनी नव्हे, नळाने. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने आणून शहरातल्या हौदांत सोडले. मुंबईला विहारचे पाणी १८६० मध्ये मिळू लागले. त्याआधी विहिरी आणि तलाव हाच तिचा आधार होता. धोबीतलाव या नावात ती आठवण अजून शिल्लक आहे.

तथापि पाणी गावात आले म्हणजे सर्वांच्या घागरीत आले असे नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तेव्हा तेवढ्या एका हौदाने पुण्यात खळबळ उडाली. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला चालला. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ज्यांना प्यायला ओंजळ मिळत नव्हती, त्यांना अभ्यंगस्नानाचे माहात्म्य आपण कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

ही गोष्ट फार जुनी झाली असेही समजू नये. केंद्र सरकारने घरोघर नळ देण्याची योजना ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केली, तेव्हा देशातील ग्रामीण घरांपैकी शंभरांत सुमारे सतरा घरांतच नळ होता. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे. नळ फिरवताच पाणी येणे आणि कळ दाबताच ते ऊन होणे, ही आपली रोजची गोष्ट इतिहासाच्या मानाने अगदी कालची आहे.

म्हणून या आंघोळीत मी कंजूषपणा सांगत नाही. उलट ती पुरेपूर भोगावी असेच म्हणतो. तिच्यासाठी ना संगमरवरी हौद लागतो ना विलायती टब. एका घंगाळात राजाचे सुख मावते, हा आपल्या पूर्वजांचा शोधच मुळी फार शहाणपणाचा आहे. तेल कोमट करावे, ते टाळूवर, कानांत, तळपायांना जिरवावे, घड्याळ न्हाणीघराबाहेर ठेवावे आणि पाणी तांब्यातांब्याने घ्यावे. मात्र घरात पहाटे सर्वांआधी जी उठते, तिला यंदा पहिल्या पाटावर बसवावे आणि तिच्यासाठीचे पाणी दुसऱ्या कोणी काढून ठेवावे. पाणी ऊन आहे तोवर!