पाड्याचा आवाज आणि महापालिका : कोलकात्यातील नागरिक समित्यांची दोन शतके

प्रस्तावना

बंगालीत वस्तीला ‘पाडा’ म्हणतात. आपल्याकडे पाडा म्हटले की पालघर-डहाणूकडची आदिवासी वस्ती आठवते. कोलकात्यात मात्र ऐन शहरातल्या गल्ल्यांच्या समूहाला पाडा म्हणतात. पुण्याच्या पेठेला किंवा गिरगावच्या वाडीला जी ओळख आहे, तशीच ओळख कोलकात्यात पाड्याला आहे. पाड्यातल्या माणसांना गटार कुठे तुंबते, कोणत्या नळाला पाणी येत नाही आणि कोणत्या वळणावर दिवा हवा, हे नेमके ठाऊक असते. निर्णय मात्र महापालिकेच्या मुख्यालयात होतात. हे अंतर कमी करण्यासाठी काढलेली व्यवस्था म्हणजे नागरिक समिती. कोठे तिला सल्लागार मंडळ म्हणतात, तर कोठे प्रभाग समिती.

कोलकात्यात असे प्रयोग सुमारे दोनशे वर्षे चालू आहेत. काही उपयोगी ठरले, बरेच कागदावर राहिले. यामागची कारणे या टिपणात पाहू. वाचताना प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारावेत : समितीत कोण बसले? त्यांना कोणी नेमले? त्यांचे म्हणणे ऐकून उत्तर देणे कोणावर बंधनकारक होते का?

१. लॉटरी कमिटी : लोकांचे पैसे, लोकांशिवाय निर्णय

१८०३ मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने कोलकात्याच्या सुधारणेविषयी एक टिपण लिहिले. शहरातील रस्ते, गटारे आणि बाजार यांची आखणी ही सरकारची जबाबदारी आहे, असा त्याचा आशय होता. वेलस्लीनंतर हे काम १८१७ साली स्थापन झालेल्या लॉटरी कमिटीकडे गेले. नावाप्रमाणेच तिचा निधी सोडतीच्या तिकिटांतून येई. तिने शहराचा नवा नकाशा तयार करवून घेतला, ‘नेटिव्ह’ भागातून रुंद रस्ते काढले आणि नदीकाठची ‘अतिक्रमणे’ हटवली.

या कामासाठी असंख्य झोपड्या पाडल्या गेल्या आणि तिथले कष्टकरी शहराच्या कडेला ढकलले गेले. तिकिटे घेणारे जनतेपैकी होते, पण ज्यांची घरे गेली त्यांना कमिटीत जागा नव्हती. आजही रस्तारुंदीकरणाचा आराखडा वाचताना नकाशावरची रेघ कोणाच्या घरावरून जाते, हे विचारावे लागते. त्या रेघेखालच्या माणसाला समितीत बोलता येत नसेल, तर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आराखडाही अपुरा असतो.

२. ज्वर रुग्णालय कमिटी : ऐकून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न

१८३०च्या दशकात डॉ. जेम्स रॅनल्ड मार्टिन यांनी शहरातील तापाच्या साथी आणि अस्वच्छता यांचा संबंध मांडला व एतद्देशीय रुग्णांसाठी रुग्णालयाची मागणी केली. त्यातून १८३६ मध्ये ज्वर रुग्णालय आणि नागरी सुधारणा यांविषयीची कमिटी नेमली गेली. तिच्यात द्वारकानाथ ठाकूर, रामकमल सेन, पारशी व्यापारी रुस्तमजी कावसजी असे भारतीय सदस्यही होते.

साक्षी नोंदवणे हे या कमिटीचे वैशिष्ट्य. डॉक्टर, अधिकारी आणि रहिवासी यांच्याकडून तिने पाणी, गटारे, दाटीवाटी आणि बाळंतिणींची अवस्था यांविषयी माहिती घेतली. साक्ष देणाऱ्यांत पंडित मधुसूदन गुप्त होते. कोलकाता मेडिकल कॉलेजातील पहिल्या शवविच्छेदनाशी ज्यांचे नाव जोडले जाते, तेच हे वैद्य. स्थानिक अनुभव पुरावा म्हणून नोंदवला जाण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

फळ मात्र सावकाश आले. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाची कोनशिला १८४८ मध्ये बसली. गाळलेले पाणी पालता येथील केंद्रातून शहराला मिळू लागले ते १८७० साली. साक्षी आणि नळ यांच्यात तीन दशकांहून अधिक काळ गेला. कमिटी सल्ला देऊ शकत होती, पण तो किती काळात अमलात आणायचा, याचे बंधन कोणावरच नव्हते.

३. १८४० ते १८७६ : करदात्याला किती जागा?

१८४० च्या कायद्याने एक वेगळाच प्रस्ताव ठेवला. शहराचे चार विभाग करायचे. एखाद्या विभागातील दोन-तृतीयांश करदात्यांनी अर्ज केला, तर कराची आकारणी, वसुली आणि विनियोग त्यांनी स्वतः पाहायचा. वाचायला हे आजच्या विकेंद्रीकरणासारखे वाटते. प्रत्यक्षात कोणताही विभाग पुढे आला नाही. शेजाऱ्याकडून कर वसूल करण्याचे अप्रिय काम नागरिकांच्या गळ्यात पडत होते आणि त्या बदल्यात मिळणारी सत्ता तुटपुंजी होती. लोक ‘उदासीन’ होते, असे म्हणून हा विषय संपत नाही. हिशेब परवडत नसेल तर शहाणा माणूस त्यात पडत नाही.

पुढचा काळ आखडत गेलेल्या सहभागाचा आहे. १८४७ मध्ये सात आयुक्तांचे मंडळ आले, त्यातील चार करदात्यांनी निवडलेले. १८५२ मध्ये संख्या चारवर आली, त्यांत निवडलेले दोन. १८५६ मध्ये तीन आयुक्त राहिले आणि तिघेही सरकारनियुक्त. १८६३ मध्ये कारभार ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे गेला. १८७६ च्या कायद्याने पुन्हा निवडणूक आली : ७२ सदस्य, त्यांपैकी ४८ करदात्यांनी निवडलेले. हा मताधिकारही कर भरणाऱ्या मोजक्या पुरुषांपुरता होता. भाड्याच्या खोलीतला मजूर आणि शहरातील सर्व स्त्रिया बाहेरच होत्या.

४. प्लेग : पुण्याचा धडा, कोलकात्याची गल्ली

महाराष्ट्रातील वाचकाला हा टप्पा ओळखीचा आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग निवारणासाठी रँड यांच्या अध्यक्षतेखाली विशेष समिती आली. घरझडतीसाठी सैनिक वापरले गेले. घरात शिरणे, स्त्रियांची तपासणी, सामान जाळणे यांमुळे संताप उसळला. लोकमान्य टिळकांसारख्या स्थानिक नेत्यांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यास पुढाकार घेतला, म्हणजे सहकार्य करायला माणसे होती. पण समितीचा भर सक्तीवर राहिला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि ३ जुलैला त्यांचा मृत्यू झाला.

१८९८ मध्ये प्लेग कोलकात्यात पोहोचला. लस सक्तीने टोचणार, या अफवेने मे महिन्यात दंगली झाल्या आणि हजारो लोक शहर सोडून निघाले. पुण्याचा अनुभव ताजा होता. लेफ्टनंट गव्हर्नर वुडबर्न यांच्या सरकारने लस ऐच्छिक ठेवली आणि रुग्णाला घरीच वेगळे ठेवण्यास मुभा दिली.

१८९९ मध्ये साथ पुन्हा आली तेव्हा रामकृष्ण मिशनने स्वच्छतेचे काम हाती घेतले. त्याच्या समितीच्या सचिव भगिनी निवेदिता होत्या आणि प्रत्यक्ष कामावर देखरेख स्वामी सदानंद यांची. ३१ मार्चपासून बागबाजार-श्यामबाजारच्या वस्त्यांत गल्ल्या साफ होऊ लागल्या. निवेदिता स्वतः बागबाजारात बोसपाडा लेनमध्ये राहत. त्यांनी हाती झाडू घेतलेला पाहून पाड्यातले तरुण कामाला लागले. विद्यार्थ्यांना आवाहन करण्यासाठी सभा झाली, तिच्या अध्यक्षस्थानी स्वामी विवेकानंद होते.

हाच आजार आणि हेच साम्राज्य असूनही फरक पडला, कारण एकीकडे वस्तीवर समिती लादली गेली, तर दुसरीकडे वस्तीत राहणारी माणसे समितीत होती. पण यातली मर्यादाही लक्षात घ्यावी. निवेदितांची समिती गल्ली झाडू शकत होती, गटार बांधू शकत नव्हती. स्वयंसेवा पालिकेची जागा घेऊ शकत नाही.

त्याच वर्षी उलट दिशेचे पाऊल पडले. मॅकेन्झी कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८९९ च्या कायद्याने निवडून येणारे सदस्य ५० वरून २५ वर आणले. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सदस्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. हेच सुरेंद्रनाथ पुढे मंत्री झाले आणि त्यांनी १९२३ चा महापालिका कायदा आणला. त्यानुसार १९२४ मध्ये चित्तरंजन दास पहिले महापौर आणि सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

५. स्वातंत्र्यानंतर : बरो आणि वॉर्ड

स्वातंत्र्यानंतरही निवडून आलेले सभागृह कायम राहील याची खात्री नव्हती. १९७२ मध्ये महापालिका बरखास्त झाली आणि निवडणूक झाली ती १९८५ मध्ये. १९८० च्या नव्या कायद्याने महापौर-परिषद आणि ‘बरो’ समित्या आणल्या. आज १४४ वॉर्ड १६ बरोंत विभागलेले आहेत. बरो समितीत त्या-त्या वॉर्डांचे नगरसेवक असतात. त्यामुळे मुख्यालय जवळ आले, पण ती नागरिकांची समिती नव्हे.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ती उणीव भरण्याची वाट दाखवली. अनुच्छेद २४३-एस नुसार तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात. समितीत किती वॉर्ड आणि कोण सदस्य, हे राज्याने ठरवायचे. पश्चिम बंगालने एका वॉर्डाला एक समिती हा मार्ग निवडला. २०११ च्या जनगणनेनुसार कोलकाता महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती, म्हणजे एका वॉर्डात सरासरी ३० हजारांहून थोडे अधिक लोक. मुंबईत त्याच वेळी १ कोटी २४ लाख लोक आणि २४ प्रशासकीय विभाग होते, म्हणजे विभागाला सरासरी पाच लाख. आकाराच्या कसोटीवर कोलकात्याची समिती पाड्याच्या खूपच जवळ आहे.

अडचण दुसऱ्या प्रश्नापाशी येते. एका वॉर्डाची समिती असेल तर त्या वॉर्डाचा नगरसेवकच तिचा अध्यक्ष असतो, असे घटनेतच म्हटले आहे. उरलेले सदस्य नेमले जातात, त्यांची निवडणूक होत नाही. ज्याच्या कामावर प्रश्न विचारायचे त्याच्याच पसंतीने सभासदत्व मिळत असेल, तर अवघड प्रश्न विचारायला सदस्य कचरतो.

मुंबईतील एएलएम गटांची उलट गोष्ट पाहण्यासारखी आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९६-९७ च्या सुमारास रहिवाशांनी कचरा वेगळा करण्याचे काम सुरू केले आणि पालिकेने ते प्रारूप म्हणून उचलले. येथे सदस्य वस्तीतून येतात, पण पालिकेच्या निर्णयावर त्यांचा कायदेशीर अधिकार नाही. शिवाय हे गट मुख्यतः इमारतींत राहणाऱ्यांचे. कोलकात्यात कायद्याचा आधार आहे पण स्वातंत्र्य कमी, मुंबईत स्वातंत्र्य आहे पण आधार कमी.

६. या इतिहासातून काय हाती लागते?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना फीडबॅक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तापमान मोजणारा सेन्सर कितीही अचूक असला, तरी त्याची तार नियंत्रकाला जोडलेली नसेल तर भट्टी तापतच राहते. १८३६ च्या कमिटीकडे उत्तम ‘सेन्सर’ होते, तार नव्हती. लॉटरी कमिटीकडे नियंत्रण होते, सेन्सर नव्हता. १८४० मध्ये नागरिकांना भट्टी सांभाळायला सांगितले आणि इंधन मात्र हाती दिले नाही.

म्हणून समिती स्थापन झाली, एवढ्यावर समाधान मानू नये. समितीच्या प्रत्येक शिफारशीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे पालिकेवर बंधनकारक असावे. ‘नाही’ म्हणायचे असेल तर कारण द्यावे. हे छोटे कलम नसेल तर उरलेली रचना शोभेची ठरते. दुसरे, भाडेकरू, फेरीवाले, घरकामगार स्त्रिया यांच्यासाठी जागा राखल्या नाहीत, तर समिती घरमालकांचीच होते. तिसरे, वॉर्डाच्या गरजेपुरता थोडा तरी निधी समितीच्या शिफारशीने खर्च व्हावा, नाहीतर बैठकीला येण्याचे कारण लोकांना उरत नाही.

तुमच्या शहरातही बहुधा प्रभाग समितीची तरतूद कायद्यात आहे. तिची बैठक शेवटची कधी झाली आणि तिथे झालेल्या ठरावाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार मतदार म्हणून तुम्हाला आहे.

सारांश

- १८१७ ते १८३६ या काळात समित्या वस्तीविषयी निर्णय घेत, वस्तीसोबत नव्हे. ज्वर रुग्णालय कमिटीने साक्षी घेऊन ही पद्धत काही अंशी बदलली.
- १८४७ ते १८९९ या काळात निर्वाचित प्रतिनिधित्व वाढले, आखडले, पुन्हा वाढले आणि पुन्हा कापले गेले.
- प्लेगच्या काळात सक्ती आणि सहभाग यांतील फरक पुणे व कोलकाता येथे स्पष्ट दिसला.
- आजच्या वॉर्ड समितीची ताकद तिच्या लहान आकारात आहे आणि दुबळेपणा नेमणुकीच्या पद्धतीत.

स्वाध्याय

१. १८४० च्या कायद्याला प्रतिसाद का मिळाला नाही? ‘नागरिकांची उदासीनता’ हे स्पष्टीकरण पुरेसे आहे का?
२. पुण्यातील १८९७ ची प्लेग समिती आणि कोलकात्यातील १८९९ चे स्वच्छताकार्य यांची तुलना प्रस्तावनेतील तीन प्रश्नांच्या आधारे करा.
३. तुमच्या वॉर्डाच्या समितीसाठी सदस्यनिवडीची पद्धत सुचवा. भाडेकरू आणि रोजंदारीवरचे कामगार तिच्यात कसे येतील, ते सांगा.
४. आपल्या परिसरातील एका नागरी तक्रारीचा प्रवास लिहून काढा : कोणी नोंदवली, कोणाकडे गेली, उत्तर कोणी दिले आणि किती दिवसांनी.