खानेसुमारीची वही आणि दवाखान्याची वाट



आज मी तुमच्यापुढे आकड्यांची गोष्ट घेऊन आलो आहे. आकडे म्हटले की खेड्यातल्या माणसाला तलाठी आठवतो आणि शाळेतले गुरुजी मनात म्हणतात, आता आणखी कोणता तक्ता भरायचा! पण आपल्या गावाजवळ दवाखाना आहे की नाही, असला तर किती कोसांवर आहे, याचे उत्तर पुष्कळदा अशाच एका तक्त्यात दडलेले असते. म्हणून थोडे मागे जाऊ.

आपला गोंदियाचा मुलूख इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात, भंडारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वेळी गावातले जन्म आणि मृत्यू कोण टिपत होते? डॉक्टर नव्हे, मास्तरही नव्हे. ते काम गावच्या कोटवाराकडे होते. तो आपली वही घेऊन पोलीस ठाण्यावर जायचा आणि कोण जन्मले, कोण गेले, ते सांगायचा. महामारी आणि देवी हे रोग त्याला ओळखता येत. बाकीच्या मरणांपुढे बहुधा एकच शब्द पडे : ताप. हिवताप, क्षय, बाळंतरोग, सगळे त्या एका तापात. आम्ही इतिहासाचे लोक त्या जुन्या आकड्यांवर भिस्त ठेवतो, पण त्या आकड्यांच्या मुळाशी एका थकल्या कोटवाराची आठवण आहे, हे विसरून चालत नाही.

तरीसुद्धा मोठी गोष्ट लपली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्यप्रांत पोळून निघाला. धानाच्या मुलखात पाऊस दगा देतो तेव्हा बांधी कोरडी पडते आणि मजुराची चूल विझते. १८९१ पेक्षा १९०१ च्या खानेसुमारीत मध्यप्रांताची माणसे कमी भरली. पुढे १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. ती मुंबईला उतरली आणि आगगाडीने देशभर फिरली. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा तिने सर्वांत जास्त झोडपलेल्या भागांपैकी एक. आजच्या हद्दीच्या हिशेबाने हिंदुस्थानची लोकसंख्या १९११ साली २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ साली २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी देश घटला! त्यानंतर मात्र तो कधीच घटला नाही.

माझी आजी सात वेळा बाळंत झाली आणि चार मुले जगली. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. पाऊस किती झाला ते सांगावे, तसे सांगे. अशी आजी तुमच्याही घरात होऊन गेली असेल.

आता १९४३ साली या. सरकारने आरोग्याच्या पाहणीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे गृहस्थ जन्माने नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९४६ साली समितीचा अहवाल आला. त्यातले एक तत्त्व असे, की पैसा देता येत नाही म्हणून कोणीही माणूस योग्य उपचारावाचून राहता कामा नये. हे काही गणित नव्हे, हा मूल्याचा प्रश्न झाला. परंतु मूल्य राबवायचे म्हणजे त्याला गणितात बसवावे लागते. म्हणून समितीने तूर्त ४० हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र सुचवले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर खेड्यापाड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. १९५३ पासून हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली, घराच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारले जाऊ लागले.

मरणे कमी झाली, जन्म मात्र पूर्वीसारखेच चालू राहिले. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसे होती, १९७१ साली ती ५४ कोटींच्या पुढे गेली. साहजिकच राज्यकर्ते घाबरले. जी नर्सबाई सुईणीला धीर द्यायला गावात येत होती तिच्या डोक्यावर शस्त्रक्रियांचे 'टार्गेट' बसले. अनेक राज्यांत ते शिक्षकांच्याही डोक्यावर बसले. जुन्या गुरुजींना विचारून पाहा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीचा कायदाच मंजूर केला होता. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो अंमलात आला नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर या काळाने लोकसंख्येचे जेवढे काम केले, त्याहून अधिक नुकसान विश्वासाचे केले. सरकारी दवाखान्याची गाडी दिसली की माणसे शेतात पळत, तिथे मुलाला टोचून घ्यायला कोण आणील? टार्गेटची ही पद्धत १९९६ साली सोडून दिली गेली.

आता त्या दवाखान्याच्या गणिताकडे वळू. गुरुजींनी हे वर्गात फळ्यावर करून पाहावे. आज नियम असा आहे, की सपाट मुलखात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजारांमागे एक. गोंदिया जिल्ह्यात २०११ साली चौरस किलोमीटरला सरासरी २५३ माणसे होती. म्हणजे ३० हजार माणसे साधारण ११९ चौरस किलोमीटरांत राहणार. केंद्र मध्यभागी धरले तर कडेच्या माणसाला सहा किलोमीटर चालावे लागेल. आता एखादा जंगलपट्टा घ्या, जिथे चौरस किलोमीटरला १०० च माणसे आहेत. तिथे ३० हजारांचा नियम लावला तर तीच चाल दहा किलोमीटरांवर जाते. २० हजारांचा लावला तरी ती आठ भरते. म्हणजे सवलत देऊनही देवरी किंवा सालेकशाकडच्या विरळ पाड्यावरची बाई तिरोड्याकडच्या दाट वस्तीतल्या बाईपेक्षा लांबच राहिली. आणि हे सरळ रेषेचे अंतर झाले. मध्ये नाला असतो, पावसाळा असतो, बाजेवर रोगी असतो.

'सर्वांना सारखे' या शब्दांत किती गोष्टी लपतात पाहा. माणशी सारखे द्यायचे, की चालीपुरते सारखे द्यायचे? हे ठरवल्याशिवाय आकडा बोलत नाही. पुढे दुर्गम भागांसाठी उपकेंद्र किती वेळात गाठता येते, हाही निकष धरला जाऊ लागला. तो मला जास्त प्रामाणिक वाटतो.

संख्येने थोड्यांचा रोग म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात तो पिढ्यान् पिढ्या घराघरांत आहे. कोटवाराच्या वहीत तोही 'ताप'च झाला असणार. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम निघाली ती १ जुलै २०२३ रोजी. आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले ते १५ ऑगस्ट २०२३ पासून. भोर समितीच्या अहवालाला तेव्हा ७७ वर्षे झाली होती.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. २००१ साली आपण १२ लाख ७०७ होतो, २०११ साली १३ लाख २२ हजार ५०७. वाढ दहा टक्क्यांची, राज्याची मात्र जवळजवळ सोळा. हजार पुरुषांमागे आपल्याकडे ९९९ बाया, राज्यात ९२९. ही दुसरी गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे, आणि आपण ती फारशी सांगत नाही. पहिली गोष्ट जरा विचारात पाडते. महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी दोन मुलेही होत नाहीत. पाळणे कमी झाले, म्हातारपण वाढले. साठीच्या पुढची माणसे २०११ सालीच राज्यात शंभरात जवळपास दहा होती. पण आरोग्य केंद्र मंजूर करताना डोकी मोजतात, वय मोजत नाहीत. ज्या मुलखाची वाढ मंद, त्याचा नव्या केंद्रावरचा हक्कही मंद, मग तिथले निम्मे लोक औषधावर जगत का असेनात.

२०२१ ची खानेसुमारी झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून व्हायची असे जाहीर झालेले आहे. माणसे मोजायचे काम फेब्रुवारीत चालते. धान निघून गेलेले असते आणि मजूर कामाच्या शोधात बाहेर पडलेले असतात. जो त्या दिवसांत जिथे असेल तिथे तो मोजला जाईल, हा नियम. गुरुजी, तुम्ही दारात उभे राहाल तेव्हा ओसरीवरची म्हातारी सांगेल, "आमी सात जन आवो जी." तुम्ही खोदून विचाराल, तेव्हा कळेल की पाच जण नागपूर-हैदराबादेकडे गेलेले आहेत. तुम्ही दोन लिहाल, आणि तेच बरोबर असेल. त्या दोघांपैकी एकाला रोज साखरेच्या दुखण्याची गोळी लागते. तुमच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही.