वर्गणीचा सिनेमा

सार्वजनिक गणेशोत्सव कसा उभा राहतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कुणी पैसे देतो, कुणी मांडवाला हात लावतो, कुणाला आरास जमते तर कुणाला पेटी वाजवता येते. पैशाची, श्रमांची आणि विद्येची अशी ती तिहेरी वर्गणी असते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची तरुण मुले मोबाइलवर छोटे चित्रपट करू लागली आहेत. त्यांच्याशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘‘काका, कल्पना आहे, पण बजेट नाही.’’ तेव्हा आम्हाला वाटले, की आपल्या माणसांनी बजेट नसतानाच चित्रपट कसे केले, ते या स्मरणिकेत एकदा लिहून ठेवावे. या इतिहासाचा पहिला धागा आपल्या बडोद्यातूनच जातो, हे आणखी एक निमित्त.

कलाभवनातला विद्यार्थी

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना केली आणि त्याची जबाबदारी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवली. हाताला कसब आणि पोटाला धंदा मिळावा, हा त्यामागचा हेतू. त्याच सुमारास त्र्यंबकेश्वरचा एक वीस वर्षांचा तरुण तिथे शिकायला आला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे धडे घेऊन तो आला होता. बडोद्यात त्याने चित्रकलेबरोबर छायाचित्रण, मूर्तिकाम आणि वास्तुकला यांचाही अभ्यास केला. तोच धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब.

पुढची वीस वर्षे त्यांनी एका धंद्यात स्थिर होऊन काढली नाहीत. गोध्र्याला छायाचित्रकाराचे दुकान काढले, तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा छापखाना काढला आणि भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. संसारी माणसाच्या हिशेबात हे सगळे अपयशच. पण रंग, काच, रसायन, भिंग आणि यंत्र यांची ओळख त्यांना याच वर्षांत झाली. भांडवल नसलेल्या माणसाची ही खरी शिल्लक होती.

लंडनमधली दोन माणसे

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव, आपल्या कथा पडद्यावर आणायच्या, हे ठरवले. ही विद्या शिकवणारे इथे कुणी नव्हते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. ओळखीपाळखी नव्हत्या. ‘बायोस्कोप’ नावाचे सिनेमाविषयक साप्ताहिक ते वाचत असत, तेवढाच धागा. त्या साप्ताहिकाचे कार्यालय शोधून ते थेट संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. समोरचा माणूस मागे हटत नाही असे दिसल्यावर मात्र त्यांनी सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ फाळक्यांना मोकळेपणाने दाखवला.

हे हेपवर्थ कोण, तेही पाहण्यासारखे आहे. १९०५ मध्ये त्यांनी हरवलेल्या बाळाला शोधून काढणाऱ्या कुत्र्याची एक छोटी फिल्म केली होती. कथा पत्नीची, आईचे काम पत्नीचे, बाळ घरचे आणि कुत्राही घरचाच. खर्च सात-आठ पौंडांचा. तिला मागणी इतकी आली, की प्रती काढून काढून मूळ निगेटिव्ह झिजली आणि ती फिल्म पुन्हा चित्रित करावी लागली. म्हणजे फाळक्यांना विद्या दिली ती घरच्या माणसांना घेऊन चित्रपट करणाऱ्याने. ती त्याने परक्या देशातून आलेल्या, पुढे स्पर्धा करू शकेल अशा माणसाला दिली. विद्येची वर्गणी म्हणतात ती ही.

दादरचे घर

१९१२ च्या एप्रिलमध्ये फाळके परतले ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवूनच. पैसे उभे करण्यासाठी त्यांनी आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण करून त्याचा वेल कसा वाढतो ते पडद्यावर दाखवले. महिन्याभराची वाढ एका मिनिटात पाहिल्यावर सावकाराचा विश्वास बसला. विमा पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा कुठे ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला.

सरस्वतीबाईंचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे स्वतः पाडावी लागत. त्या रात्री अंधारात बसून छिद्रे पाडत, फिल्म धुण्याच्या कामात हात देत आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे साळुंके यांना लुगडे नेसवून उभे केले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतरचा भाग मात्र कमी सांगितला जातो. १९१८ मध्ये धनिक भागीदारांच्या जोडीने नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. आता पैसा होता, जागा होती, माणसे होती. पण कारभारावरून भागीदारांशी खटके उडू लागले आणि फाळके सगळे सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, तरी जुने दिवस परतले नाहीत. पैशाच्या तंगीत ज्यांची उमेद टिकली, ते बिऱ्हाड पैसा आल्यावर मोडले.

कोल्हापूरची मंडळी

‘राजा हरिश्चंद्र’ पाहणाऱ्यांत कोल्हापूरचे दोन भाऊ होते, आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचे नाव होते, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणत. त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायचे ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून लेथवर एकेक भाग घडवला आणि कॅमेरा पुरा केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचे पैसे कुणी द्यावेत? तानीबाई कागलकर या गायिकेने. शाहू महाराजांचे पाठबळ मिळाले. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आला. त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते.

कंपनीत कामाची वाटणी अशी नव्हतीच. पडेल ते प्रत्येकाने करायचे: सुतारकाम, रंगकाम, फिल्म धुणे, वेळ पडली तर तोंडाला रंग लावणे. त्यामुळे ही कंपनी शाळेसारखी झाली. त्या शाळेतून दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाची जोड घेऊन १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ सुरू झाली. गुरूच्या बाजूने पाहिले तर हा मोठा आघात होता. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही.

‘प्रभात’चे मालक कारखान्यात घाम गाळणारे होते. ध्वनीची बाजू दामल्यांची, नेपथ्य फत्तेलालांचे, दिग्दर्शन शांतारामांचे. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. यंत्र घडवणारा आणि पडदे रंगवणारा असे दोन कारागीर ते शिखर गाठू शकले, कारण पाठीशी एकजीव मंडळी होती. आधी धायबर गेले, १९४२ मध्ये शांताराम गेले, १९४५ मध्ये दामले निवर्तले. पन्नाशीच्या दशकात ‘प्रभात’चा दिवा मालवला. फाळके, पेंटर आणि प्रभात या तिन्ही कहाण्यांत आम्हाला एकच गोष्ट दिसते. पैशाच्या अडचणीतून ही माणसे दर वेळी वाट काढत गेली. घडी विस्कटली ती माणसे दुरावली तेव्हा.

१९७६: एका वर्षातले दोन प्रयोग

‘प्रभात’च्या त्याच आवारात १९६० मध्ये सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली. तिथून शिकून निघालेल्या काही तरुणांनी पुढे ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि १९७६ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर मराठी चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून चार नावे आहेत: के. हरिहरन, मणि कौल, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा. चार दिग्दर्शकांनी एका चित्रपटावर नाव घालणे, हे एका मखराला चार अध्यक्ष असण्यासारखेच म्हणायचे! पण त्यांनी ते निभावले. मोहन आगाशे यांच्यासारखे मूळ नाटकातले कलावंत होते आणि घाशीराम झालेल्या ओम पुरी यांचा हा पहिला चित्रपट. तो फारसा कुठे लागला नाही, पण बर्लिनच्या एका संग्रहाने त्याची प्रत जपून ठेवली, म्हणून तो आज नव्या पिढीला पाहता येतो.

त्याच वर्षी आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर, आणंदच्या दूध चळवळीतून, दुसरा प्रयोग झाला. श्याम बेनेगल यांना सहकारी दूध संघांच्या उभारणीवर चित्रपट करायचा होता. डॉ. वर्गीस कुरियन यांनी मार्ग काढला. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाखांचे भांडवल जमले. तो ‘मंथन’. निर्माते म्हणून पडद्यावर नाव आले ते या ५ लाख शेतकऱ्यांचे. पटकथा तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा आणि मुख्य भूमिकेत स्मिता पाटील. चित्रपट लागला तेव्हा निर्माते मालट्रक भरभरून आपला चित्रपट पाहायला आले. तिकीटही त्यांनीच काढले. २०२४ मध्ये नव्याने दुरुस्त केलेली ‘मंथन’ची प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

दोन रुपयांत शेतकऱ्याचे काही बिघडले नसेल. पण एका निर्मात्याकडून १० लाख घेणे आणि ५ लाख घरांतून दोन-दोन रुपये घेणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात प्रेक्षक आधीच तयार झालेला असतो. आपल्या मंडळाचा खजिनदार हे चटकन ओळखेल. ज्याने ५१ रुपयांची पावती फाडली, तो आरतीला येतोच.

अलीकडचे उदाहरण ‘श्वास’चे. कलावंत आणि मित्रांनी मिळून उभा केलेला संदीप सावंत यांचा हा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक घेऊन आला. असा मान मराठी चित्रपटाला ‘श्यामची आई’नंतर प्रथमच मिळाला होता. २००४ मध्ये तो ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवला गेला, तेव्हा तिथल्या प्रचाराचा खर्च झेपणारा नव्हता. त्या वेळीही सामान्य मराठी माणसांनी देणग्या दिल्या.

आपल्या गावापुरते

फाळक्यांना कॅमेऱ्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, पेंटरांना तो लेथवर घडवावा लागला. आपल्या मुलांच्या तो खिशात आहे. कमी आहे ती मंडळीची. एक मुलगा लिहितो, तोच चित्रण करतो, तोच जोडणी करतो आणि तिसऱ्या फिल्मपाशी थकून नोकरीच्या मागे लागतो. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या दुसऱ्या मुलाला ध्वनीचे काम उत्तम येते, हे त्याला कळतही नाही.

आणि वेळ थोडा आहे. दांडिया बाजारातले जुने वाडे एकेक करून पडत आहेत. गायकवाडी काळ पाहिलेल्या, निम्मी मराठी आणि निम्मी गुजराती अशी आपली बडोदेकरी बोली बोलणाऱ्या आजी-आजोबांची पिढी आवरत आली आहे. त्यांचे बोलणे, त्यांचे मोदक, त्यांच्या माळ्यावरच्या तसबिरी यांवर कुणी मुंबईचा निर्माता चित्रपट करणार नाही. ते काम आपलेच.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. येत्या वर्षात चित्रपट करणाऱ्या मुलामुलींची एक यादी व्हावी आणि महिन्यातून एकदा मंडळाच्या सभागृहात त्यांनी एकमेकांचे काम पाहावे. वर्गणीत थोडी रक्कम त्यासाठी वेगळी काढावी. नावे कुणाची, कुठे आणि कोणत्या क्रमाने लागणार हे चित्रीकरणाआधी कागदावर लिहावे, आणि खर्चाची वही सर्वांसाठी उघडी असावी. नाशिक, कोल्हापूर आणि पुणे यांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकवला आहे. तयार झालेल्या प्रत्येक फिल्मची एक प्रत मंडळाच्या कपाटात राहावी.

पुढच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ या फिल्मसाठी ठेवता आली, तर पहिली पावती आम्ही फाडू.

गणपती बाप्पा मोरया!